सुनेच्या नावावरचं कव्हर

आमचं मूळ गाव तिकडं शिरूरच्या पुढं, पण ते आपलं सांगायला, कारण मी काय त्या गावात चार दिवस सलग राहिलेलो न्हाई. आमच्या वडलांना त्यांच्या मामानं पुण्यात आणलं, देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्सं झाली असतील तवा, आन् कॅम्पात एका ठेकेदाराच्या हाताखाली बसवलं. लष्कराचं काम व्हतं. घोड्याचा साज, बंदुकीचे पट्टे, आन् साहेबलोकांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायला जे चामड्याचं असतं ते. साहेब त्याला होल्स्टर म्हणायचे, वडील कव्हर म्हणायचे, मी बी कव्हरच म्हणतो. चामड्याचं काम आमच्या घरात पिढीजात, पण कव्हराचं काम वडील पुण्यात येऊन शिकले आन् त्यांच्याकडून मी शिकलो. मला दोन थोरले भाऊ व्हते, त्यांना ते न्हाई जमलं, मला जमलं. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार हाय त्यात माझी फजिती हाय, तवा आधी चार शब्द स्वतःबद्दल चांगले बोलून घेतो, तुम्ही जुन्या कारागिरांचं लिहायला आलाय, तर हे बी लिहून घ्या.

कव्हर करायचं म्हंजे काय करायचं, तर आधी लाकडाचा फरमा करायचा, हुबेहूब त्या पिस्तुलासारखा. पिस्तूल मी कवा घरात ठेवून घेतलं न्हाई, वडलांची ताकीद व्हती. मालकानं समोर खुर्चीवर बसायचं, गोळ्या काढून रुमालात बांधून स्वतःच्या खिशात ठेवायच्या, आन् मी रिकामं पिस्तूल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेणार, जाडी मोजून घेणार, की लगेच परत. मंग सागाच्या तुकड्यातनं फरमा कोरायचा. चामडं पाण्यात भिजवायचं, फरम्यावर ओढायचं आन् शिंगाच्या तुकड्यानं दाबत दाबत बसायचं, अंगठा सुन्न होईस्तोवर. सावलीत वाळवायचं. मंग आरीनं भोकं आन् मेणाचा दोरा, दोन्हीकडनं दोन सुया. आन् वडलांचं एक सांगणं व्हतं की कव्हर पहिल्या दिवशी घट्टच पायजे, मालक कुरकुर करंल, करू द्यावी, महिन्याभरात चामडं वाट देतं आन् पिस्तुलाच्या अंगचं होतं, पहिल्याच दिवशी सैल केलंत तर महिन्याभरानं ते रस्त्यात पडंल. हे मी जन्मभर पाळलं. आन् त्यानंच माझा घात केला, पण ते पुढं येईल.

लष्कराचं काम वडलांच्या माघारी बंद झालं, ठेकेदार गेला, आम्ही विश्रांतवाडीला जागा घेतली, खाली दुकान वर घर. चपला, पट्टे, बायकांच्या पर्सची दुरुस्ती, काय येईल ते करायचो. कव्हराला कोण विचारणार? वर्सातनं एखादा रिटायर झालेला फौजदार यायचा. आन् मंग काय सांगू तुम्हाला, वाघोलीच्या जमिनी विकायला लागल्या. काल जिथं बाजरी व्हती तिथं बारा मजले उभे, आन् ज्यांची बाजरी व्हती त्यांच्याकडं पैसा आला, पैसा आला तशी भीती बी आली, मंग लायसन काढायचं, पिस्तूल घ्यायचं, आन् पिस्तूल घेतलं की ते लोकांना दिसायला नको का? तिथं मी. नऊवारी नेसलेल्या आईला पुढं बसवून माणूस गाडीतनं उतरायचा आन् म्हणायचा, बबनराव तुम्हीच का, अमक्याचं कव्हर तुम्हीच केलंय का.

त्यातले पहिले सोपानशेठ. वाघोलीचेच, मोठं घर, आवाज त्याहून मोठा, सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन. वीस-बावीस वर्सं झाली त्यांच्या माझ्या ओळखीला. लग्नाकार्यात मला पानावर बसवायचे आन् चार माणसांत सांगायचे, हे आमचे बबनराव, पुण्यात असा हात न्हाई. ते वाक्य मी घरी येऊन इतक्या वेळा सांगितलं की आमची मंडळी म्हणायची, अहो पुरे, पाठ झालं आता मला. पण ते वाक्य म्हंजे माझी सगळी कमाई व्हती. मला दुसरं कोण काय म्हणणार व्हतं? पोरगा गणेश, तो कंपनीची बस चालवतो, त्याला चामड्याचा वास सुद्धा सोसत न्हाई. त्याचं मला वाईट वाटलं न्हाई. उलट खरं सांगू का, बरं वाटलं. माझ्यानंतर कोणी न्हाई, म्हंजे मीच.

आता सुनेचं सांगतो. सुजाता तिचं नाव, आळंदीची. बारावी झालेली, आन् लग्नाच्या आधीपासनं एका वर्कशॉपात कामाला जायची, तिथं वाकड्या पायाच्या लेकरांसाठी प्लास्टिकचे साचे करायचे, पायाच्या मापाचे, बुटात घालायचे. ते प्लास्टिक असं असतं की तापवलं की मऊ पडतं, मळलेल्या कणकेसारखं, आन् गार झालं की जसं दाबलं तसं कायमचं राहतं. लग्नानंतर बी जायची. मंग ते वर्कशॉप लांब कुठं तरी हललं आन् ती घरी बसली. गुणाची पोरगी. उलट बोलणं न्हाई, माहेरचा तोरा न्हाई. तिच्यात खोट काढायला मी लई शोधलं बरं का, एक म्हंजे चहात साखर कमी टाकते, त्यापलीकडं मला काय सापडलं न्हाई.

एका पावसाळ्यात सोपानशेठ आले ते लालबुंद होऊन. पिस्तूल टेबलावर ठेवलं, म्हणले बबनराव हे बघा, तर नळीवर गंजाचे ठिपके. मी म्हणलं, शेठ, तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं व्हतं, कव्हरात घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. तर म्हणले, मंग कव्हर कशाला घ्यायचं, देवळीत ठेवतो ना उघडं. तेवढ्यात सुजाता आतून चहा घेऊन आली आन् कप ठेवता ठेवता म्हणाली, आप्पा, पुढची बाजू प्लास्टिकची केली तर? कमरेकडनं चामडं, म्हंजे टोचणार न्हाई, घामाचं बी काय न्हाई, आन् पिस्तूल बसंल ते प्लास्टिकमध्ये, ओल धरायचा प्रश्नच न्हाई. मी हसलो. म्हणलं शेठ, आमची सून तुमच्या पिस्तुलाला जेवणाचा डबा करणार हाय. पण शेठ न्हाई हसले. ते म्हणले, करून तर बघू दे.

केलं तिनं. केकसाठी घेतलेला ओव्हन व्हता घरात, त्यात तसल्याच प्लास्टिकची काळी शीट तापवली, माझ्याच फरम्यावर टाकली, वर जुन्या गादीचा फोम ठेवला, त्यावर पाट, आन् पाटावर स्वतः चढून उभी राहिली, शंभर आकडे मोजेपर्यंत. झालं! मी दोन दिवस शिंग घासत बसायचो ते तिनं शंभर आकड्यांत केलं. मागं चामडं लावायला मला दिलं, आप्पा टाके तुम्हीच घाला म्हणाली. शेठ आले, पिस्तूल आत घातलं तर टक्क असा आवाज झाला. काढलं, परत घातलं, टक्क. लहान पोरागत दहा वेळा केलं त्यांनी. उलटं धरून हलवलं तरी पडंना, आन् ओढलं की अलगद हातात. मला म्हणले, बबनराव, सून न्हाई ही, हिरा हाय. आन् माझ्या कव्हराचं, वीस वर्सं कमरेला लावलं त्याचं काय केलं म्हाईत हाय? तिथंच माझ्या टेबलावर विसरून गेले.

तवापासनं माझ्या पोटात दुखायला लागलं, स्पष्टच सांगतो. फोन माझा, नंबर माझा, आन् पलीकडनं विचारायचे, वहिनी हायेत का? दुकानात माणूस यायचा, मी समोर बसलेलो, माझ्या डोक्यावरनं आत बघायचा. कोण म्हणायचं, ते टक्क वाजतं ते पायजे. चामड्याचं निव्वळ कव्हर मागणारा त्या वर्सात एक म्हातारा फौजदार तेवढा आला, त्याच्या मी पाया पडायचा राहिलो. आन् ही पोरगी काय करायची, तर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, फरमा आप्पांचा हाय, चामडं आप्पांचं, टाका आप्पांचा, मी नुसतं दाबते. ते तर मला लईच झोंबायचं. तिनं मिरवलं असतं तर मला तिला नावं ठेवता आली असती. तिनं माझा मान ठेवला, आन् मला वाटायचं ही मला भीक घालतीय. अशी बुद्धी फिरली व्हती बघा माझी. घरचीच पोरगी, तिनं चार पैसे आणले तर माझ्याच नातीच्या फीला जाणार, हे कळत व्हतं मला, पण कळून काय उपयोग, दुकानात कोणी वहिनी म्हणलं की माझा तिळपापड व्हायचा.

मंडळीला सुगावा लागला व्हता. एकदा म्हणाली, अहो, तिच्याकडनं शिकून घ्या की तुम्ही, त्यात काय लाज. मी म्हणलं, मी शिकू? तिच्याकडनं? पण मी बघायचो. ती कामाला बसली की मी पेपर तोंडापुढं धरायचो आन् कडेनं बघायचो. ओव्हनचा काटा कुठं ठेवते, किती वेळ ठेवते, फोम कसा ठेवते. सगळं टिपून घेतलं. एकच गोष्ट व्हती, ती माझ्या फरम्यावर, वरच्या धारेला, पेन्सिलीचा लांब तुकडा चिकटवायची, या टोकापासनं त्या टोकापर्यंत, आन् मंग त्यावर शीट टाकायची. प्रत्येक फरम्यावर. मला वाटलं, माझं कोरीव काम हिला कमी पडतंय, माझ्या फरम्याला ही ठिगळ लावतीय. विचारायला पायजे व्हतं. पण विचारलं असतं तर म्हाईत न्हाई असं झालं असतं, म्हणून न्हाई विचारलं. मनात नुसतं धरून ठेवलं, की बघ, चाळीस वर्सं फरमे कोरणाऱ्याच्या फरम्याला काल आलेली पोरगी ठिगळ लावते.

मंग गेल्या वर्साची गोष्ट. नवरात्र बसायच्या आधी सुजाताच्या वडलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आन् ती पंधरा दिवस आळंदीला गेली. आन् नेमके सोपानशेठ आले. नवीन पिस्तूल घेतलेलं, खंडेनवमीला पूजेत मांडायचं व्हतं, पाहुणे बोलावलेले, म्हणले वहिनी कुठं हायेत? मी म्हणलं माहेरी. म्हणले, अरेरे, मंग राहू दे, दिवाळीला करून घेऊ तिच्याकडनं. माझ्यासमोर म्हणले. मी बसलेला असताना म्हणले राहू दे. आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, अहो शेठ, सुचलं तिला, पण हात बसवला कोणी? मीच शिकवलंय तिला, तुम्ही द्या माप. शेठ म्हणले, असं व्हय, बोलला न्हाईत कवा. मी म्हणलं, आपण कशाला बोलायचं, पोरीचं नाव होऊ दे. एवढं खोटं मी सरळ चेहऱ्यानं बोललो, आन् वर मोठेपणा बी घेतला.

फरमा असा कोरला की काय सांगू, वडलांनी बघितला असता तर पाठ थोपटली असती. मंडळी म्हणाली, तिला फोन करून एकदा विचारा तरी. मी म्हणलं, तू तुझं भाजीचं बघ. शीट तापवली, पहिली जळाली, घरभर वास झाला, दुसरी नीट मऊ पडली. फरम्यावर टाकली. पेन्सिल न्हाई लावली. का लावू? माझा फरमा मला पुरता म्हाईत हाय, ठिगळ कशाला. आन् वडलांचं सांगणं डोक्यात, पहिल्या दिवशी घट्ट पायजे, म्हणून गरम गरम असतानाच बोटांनी प्रत्येक खाचेत दाबलं, घोड्यापाशी दाबलं, नळीच्या टोकाला जी माशी असते नेम धरायची, तिच्या मागं-पुढं दाबलं. मंग पाटावर मी उभा राहिलो. गार झालं, फरमा ओढला, थोडा जोर लागला पण आला बाहेर, लाकडाचा तो, घासून गुळगुळीत केलेला. मागं चामडं, मेणाचा दोरा. टेबलावर ठेवून मी ते कितीतरी वेळ बघत बसलो. सुजाताच्या कव्हरापेक्षा देखणं झालं व्हतं. अजून म्हणतो मी, देखणं झालं व्हतं.

खंडेनवमीला सकाळी आधी घरची पूजा केली, माझी चामडं कापायची रापी, आरी, शिंग, दोन्ही हातोड्या, आन् मंडळीनं सुजाताचं ते गरम वारं सोडायचं मशीन, प्लास्टिकच्या कडा मऊ करायला ती वापरायची ते, बी पाटावर ठेवलं, तिचं बी हत्यारच हाय म्हणाली. आमच्यात पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत न्हाईत, दसऱ्याला उचलायचं. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली आन् मी कव्हर घेऊन वाघोलीला गेलो. बंगल्यात ही गर्दी. मोठ्या पाटावर तलवार, भाला, कोयते, नांगराचा फाळ, आन् मधे जागा ठेवलेली. शेठनं सगळ्यांदेखत रिकामं पिस्तूल कव्हरात घातलं, गोळ्या वेगळ्या चांदीच्या वाटीत ठेवलेल्या. जरा जोर दिला त्यांनी, आन् टक्क! असा खणखणीत आवाज सुजाताच्या एकाही कव्हराचा न्हाई आला कवा. शेठ म्हणले, वा बबनराव. माझी छाती अशी भरून आली.

आरती झाली, प्रसाद वाटला, त्यांच्यात आरतीनंतर हत्यार उचललेलं चालतं, तवा शेठ पाहुण्यांना दाखवायला गेले तर पिस्तूल निघंना. ओढलं, निघंना. परत ओढलं. त्यांच्या भावानं कव्हर धरलं, शेठनं मूठ धरली, दोघं दोन्हीकडनं, तरी निघंना. कोणीतरी मागनं म्हणलं, पाय लावून ओढा, आन् सगळे हसले. शेठचं तोंड उतरलं. त्यांच्या घरात, त्यांच्या पूजेत, पन्नास माणसांत त्यांचं हसं झालं. माझ्याकडं वळले आन् म्हणले, हे काय केलंत बबनराव?

आता तुम्हाला सांगतो ते मी माझ्या पोराला सुद्धा सांगितलेलं न्हाई. मी म्हणलं, शेठ, हे आमच्या सुनेनं केलंय. मी म्हणलो व्हतो की मी करतो, पण तिनं माहेराहून येऊन घाईघाईत उरकलं, मी नुसते टाके घातले. एका दमात म्हणलो. विचार करावा लागला न्हाई, जिभेवर तयारच व्हतं, इतके दिवस साठलेलं. एक पाहुणा म्हणला, बाईच्या हातचं काम घेतलं की असंच व्हणार. सगळे हसले, आन् मी बी हसलो.

शेठनं तिथंच तिला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणले, वहिनी, काय करून ठेवलंय तुम्ही, पिस्तूल निघत न्हाई. मला वाटलं, आता ती म्हणणार, कोणतं कव्हर, मी केलंच न्हाई. पण तिनं विचारलं, शेठ, आप्पा हायेत का तिथं? शेठ म्हणले, हायेत की, त्यांनीच सांगितलं तुम्ही केलंय म्हणून. तशी म्हणाली, हो शेठ, माझ्याकडनंच राहिलं, ओढू नका, मी येते.

दोन तास लागले तिला यायला. दोन तास मी त्या बंगल्यात पानावर बसलो, पुरणपोळी वाढली मला, गिळली मी. आळंदीहून स्कूटरवर आधी घरी आली, सासूला म्हणाली, आई, ते मशीन पूजेतनं उचलावं लागंल. आमच्या मंडळीनं का म्हणून विचारलं न्हाई. स्वतः उचललं, वरचं फूल बाजूला ठेवलं आन् तिच्या हातात दिलं. अशी ती आली, माहेरच्या पूजेची साडी नेसलेली, उन्हानं तोंड लाल. आत आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, शेठ, माफ करा, घाईत झालं माझ्याकडनं. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. मशीन लावलं, माशीच्या बाजूनं गरम वारं सोडलं, बोटानं चाचपत राहिली, बोटं भाजत असतील, आन् प्लास्टिक मऊ पडल्यावर दोन बोटांनी पिस्तूल अलगद काढून शेठच्या हातात दिलं. माझं देखणं कव्हर तेवढं वेडंवाकडं झालं.

येताना तिच्याच स्कूटरवर मागं बसून आलो. वाटलं आता बोलंल, आता बोलंल. घराजवळ आलो तवा म्हणाली, आप्पा, वर ती पेन्सिल लावायची असते, तेवढी राहिली तुमची. पिस्तूल ओढताना माशी बाहेर सरकायला नळीच्या वर एक नाली लागते, न्हाई तर मागच्या बाजूनं अडकते. चामडं वापरून सैल पडतं, हे प्लास्टिक न्हाई पडत. आन् फार दाबू नका. झालं, एवढंच. का माझं नाव घेतलं, असं एका शब्दानं विचारलं न्हाई. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला येतं. आन् खरं सांगू? त्या वेळी मला तिची दया आली न्हाई, माझी लाज बी पुरती वाटली न्हाई. मला तिच्या चांगुलपणाचाच हेवा वाटला. म्हणलं, हे बी हिलाच जमतं.

पुढं काय झालं ते ऐका. शेठच्या शब्दाला वजन, मी मघाशी सांगितलं. त्यांनी चार ठिकाणी सांगितलं, वहिनींचं काम आता पहिल्यासारखं न्हाई. झालं, फोन बंद पडले. म्हंजे तिचे बंद पडले. माझे चालू झाले! बबनराव, आपलं जुनं चामड्याचंच द्या बाबा, ते काही अडकत न्हाई. दुकानात माणूस येऊन माझ्याच तोंडाकडं बघायला लागला. मला जे पायजे व्हतं ते सगळं परत मिळालं, आन् पहिला महिनाभर, तुमच्यापासनं काय लपवायचं, मला गोड लागलं. दसऱ्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली. ती काळ्या शीटा पुसून ठेवायची, ओव्हन पुसून ठेवायची. एक दिवस तिनं सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. आन् परवा मंडळीनं सांगितलं, सुजातानं वाघोलीकडं पॅकिंगच्या कंपनीत नोकरी बघितलीय, एक तारखेपासनं जाणार, सकाळी सहाची गाडी, दिवसभर उभं राहून खोक्यांना टेप लावायची. ज्या हातानं लेकरांच्या पायांना साचे केले त्या हातानं.

मंडळी म्हणाली, तुम्ही सांगितल्याशिवाय हे मिटायचं न्हाई. मला म्हाईत हाय. वाघोलीला जाऊन शेठना सांगायचं मी ठरवलंय, उद्या सकाळीच जाणार, त्या दिवशीची पन्नास माणसं काय परत गोळा होणार न्हाईत, पण शेठना सांगितलं की ते पन्नासांना सांगतील, आवाज मोठा हाय त्यांचा. माझं नाव जाईल, जाऊ दे. बाविसेक वर्सं वापरलं, पुष्कळ झालं. पण शेठना सांगणं सोपं हाय हो. घरात सांगणं जड जातं. सासऱ्यानं सुनेसमोर कसं म्हणायचं? तिच्यासमोर गेलो की चहात साखर कमी हाय एवढंच तोंडातनं निघतं.

हेवा गेला का म्हणाल तर न्हाई गेला. आज ती परत कामाला बसली आन् कोणी दारात येऊन वहिनी हायेत का म्हणलं, तर माझ्या पोटात दुखणारच. दुखू दे. त्याला औषध न्हाई, या वयात तर न्हाईच. मी ते सोसीन, नातीला घेऊन मंडईत जाऊन बसंन त्या वेळेला, पण तिचा हात थांबायला नको.

आन् मी इतक्या मोठ्यानं का बोलतोय, तुम्हाला वाटलं असंल म्हाताऱ्याला कमी ऐकू येतंय. न्हाई, मला चांगलं ऐकू येतं. ती तिथं आत, दाराच्या पलीकडं भांडी घासत व्हती, आन् मघापासनं भांड्याचा आवाज थांबलाय. तुम्ही लिहून घ्यायचं ते घ्या, पण मी हे सगळं तुम्हाला न्हाई सांगितलं. सुजाता, पोरी, ऐकतीस न्हवं? ते कव्हर माझं व्हतं. तू नको जाऊस त्या कंपनीत.